वाडीचं वेळापत्रक आणि विद्यापीठाचं घड्याळ: उपयोजित मानवशास्त्रातली पीएच.डी.

उपयोजित मानवशास्त्रात पीएच.डी. करायची असेल तर अर्ज भरण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून बघा. तुमच्या प्रबंधातलं उत्तर हाती आल्यावर नेमका कोणता माणूस कोणता निर्णय वेगळा घेईल? ‘शासन’ आणि ‘समाज’ ही उत्तरं बाद. बालविकास प्रकल्प अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, वनहक्क समितीचा सचिव, जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक असं पद लिहिता आलं तर विषय उपयोजित आहे. नाही आलं तर तो चांगला मानवशास्त्रीय विषय असू शकेल, पण उपयोजित नव्हे.

‘रायगड जिल्ह्यातील कातकरी समाजाचा सामाजिक-सांस्कृतिक अभ्यास’ या शीर्षकाखाली काहीही मावतं, म्हणून त्यातून काहीच ठरत नाही. त्याऐवजी असं विचारा: कर्जत, खालापूर, सुधागड या तालुक्यांतली पाच वर्षांखालची कातकरी मुलं वीटभट्टीच्या हंगामात वाढीत मागे पडतात का, आणि त्या महिन्यांत अंगणवाडीचा आहार त्यांच्यापर्यंत का पोचत नाही? पुढचं सगळं याच उदाहरणाला धरून सांगतो. हवेतल्या सल्ल्याचा कुणाला उपयोग होत नाही. विषय कोलामांचा, माडियांचा किंवा सरदार सरोवराखाली गेलेल्या नंदुरबारमधल्या गावांच्या पुनर्वसनाचा असला तरी अडचणींचा क्रम साधारण हाच राहतो.

पदवीचं नाव आणि गाइड

‘उपयोजित मानवशास्त्र’ याच नावाची पीएच.डी. मुख्यतः अमेरिकेत मिळते. टॅम्पाच्या युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडाने ती १९८४ साली सुरू केली. ओरेगन स्टेटमध्ये आणि कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजातही असा अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे पदवीवर ‘मानवशास्त्र’ एवढंच लिहिलेलं असतं. उपयोजित काय ते तुमच्या विषयात आणि पद्धतीत दिसायला हवं. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग हा सरळ मार्ग. टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्था) किंवा एखाद्या समाजशास्त्र विभागातही हा विषय बसतो, पण तिथे मुलांची उंची-वजनं घेण्याला ‘हे आमच्या विद्याशाखेत येत नाही’ असा आक्षेप निघू शकतो. तो आक्षेप प्रवेशाआधीच निघालेला बरा.

गाइड निवडताना नावाच्या आधी हिशेब पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. ३ वर्षं आणि चार महिने उरलेल्याला घेता येतो, आणि खरी गोची तिथे होते: तुम्ही ऐन फील्डवर्कात असता आणि गाइडचा निरोप समारंभ होतो. दुसरी गोष्ट, गाइडने स्वतः शेवटचं दीर्घ क्षेत्रकार्य कधी केलं ते विचारा. पावसाळ्यात चार महिने वाडीवर राहणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, तो ‘दिवाळीच्या सुट्टीत डेटा उरकून टाका’ म्हणतो.

प्रवेश

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन क्रीमी लेयरमधले ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचं तर ७५ टक्के. २०२४-२५पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते. इतरांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठीचे हे गुण एकच वर्ष चालतात. त्यामुळे ‘यंदा नेट काढू, पुढच्या-पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ’ हे गणित फसतं. काही विद्यापीठं स्वतःची प्रवेश परीक्षा (पेट) घेतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

नेटमध्ये मानवशास्त्राचा विषय क्रमांक ०७. समाजकार्य किंवा समाजशास्त्रातून आलेले विद्यार्थी इथे नेमके कुठे अडतात हे ठरलेलं आहे: जैविक मानवशास्त्र आणि प्रागितिहास. हार्डी-वाइनबर्गचा समतोल, प्रायमेट वर्गीकरण, अश्मयुगीन हत्यारांच्या परंपरा यांवरचे प्रश्न नुसत्या सामान्यज्ञानावर सुटत नाहीत. दुसरा पेपर १०० प्रश्नांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

पैशांचं: जेआरएफला पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफला (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आणि अनुसूचित जमातींसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप हे इतर मार्ग. यांपैकी कोणतीही मिळाली तरी पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून वाडीवर खोली भाड्याने घेऊ नका. थकबाकी एकरकमी येण्याची सवय सगळ्याच फेलोशिपवाल्यांना करून घ्यावी लागते. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच क्षेत्रकार्याला निघावं.

सहा वर्षं नेमकी कुठे जातात

किमान मुदत ३ वर्षं, कमाल ६, आणि पुनर्नोंदणी करून आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना याशिवाय २ वर्षं, म्हणजे जास्तीत जास्त १०. महिलांना संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. घड्याळ विषय मंजूर झाल्यापासून नव्हे, प्रवेशाच्या तारखेपासून चालू होतं. या दोन तारखांमधला वेळ सगळ्यांत स्वस्तात वाया जातो. किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा पेपर, मग सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग समितीची बैठक, बैठकीत सुचवलेले बदल, पुन्हा बैठक. एवढ्यात एक आख्खा हंगाम निघून जातो.

हंगाम जाणं म्हणजे काय ते कातकऱ्यांच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. काही कल्याण-भिवंडीकडे, काही घाटावर, तर कोळसेवाले कधी राज्याबाहेरही. परत येतात ती पाऊस तोंडावर आल्यावर. जानेवारीत तुम्ही वाडीवर गेलात तर कुलपं, म्हातारी माणसं आणि जी कुटुंबं काही कारणाने गेली नाहीत ती भेटतात. त्यांनाच ‘वाडी’ समजून नमुना घेतला की प्रबंध तिथेच वाकडा होतो, कारण न जाणारी कुटुंबं वेगळी असतात. कुणाला बारमाही मजुरी असते, कुणाकडे दळीची (जंगलात कसायला मिळालेली) जमीन असते, कुणाच्या घरात आजारपण असतं. स्थलांतराचा परिणाम मोजायला निघालेला माणूस स्थलांतर न करणाऱ्यांनाच मोजून परत येतो. असे प्रबंध आहेत, आणि ते मंजूरही झालेले आहेत.

पावसाळ्यात माणसं वाडीवर असतात, पण तो काळही एकसारखा नसतो. लावणीच्या दिवसांत सगळे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला, दिवसा घरी फक्त पोरं. श्रावण-भाद्रपदात काम कमी, घरातलं धान्य संपत आलेलं, तापसराई वाढलेली. भट्टीमालकाचा मुकादम उचल (आगाऊ मजुरी) देऊन जातो तेही याच टंचाईच्या काळात. कर्ज, भूक आणि जाण्याचा निर्णय हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर हे दोन महिने सोन्याचे आहेत. नंतर कापणी, आणि दिवाळीनंतर पांगापांग.

यावरून मोजमापाच्या चार फेऱ्या ठरतात: परतल्यावर जून-जुलैत, निघण्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरात, भट्टीवर जानेवारी-फेब्रुवारीत, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा. हे चक्र जून ते जून असं अखंड हवं. सिनॉप्सिस ऑगस्टमध्ये मंजूर झाला तर पहिली फेरी हुकते आणि खरं काम दहा महिने पुढे जातं. म्हणून कोर्सवर्क चालू असतानाच संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीचा अर्ज तयार ठेवा आणि परवानगीच्या पत्रांचे मसुदे गाइडकडून तपासून घ्या.

नमुन्याबद्दल. चाळीसेक घरांच्या वाडीत पाच वर्षांखालची मुलं फार तर वीस-तीस भेटतात. आकडेवारीत काही बोलायचं तर आठ-दहा वाड्या घ्याव्या लागतील, आणि आठ-दहा वाड्यांत कुणीही खोलवर मानवशास्त्र करू शकत नाही. यातून निघायचा व्यवहार्य मार्ग असा: मोजमाप सगळ्या वाड्यांत, पण मुक्काम, घराघरांतलं निरीक्षण आणि लांब मुलाखती दोनच वाड्यांत. या दोन वाड्या का निवडल्या ते सिनॉप्सिसमध्ये कारणासकट लिहा. समितीचा पहिला प्रश्न तिथेच येतो.

परवानग्यांचा क्रम

आधी नीतिसमिती, कारण बाकीची कार्यालयं तिचं पत्र मागतात. मुलांच्या शरीराची मोजमापं घ्यायची म्हणजे हे आरोग्यसंशोधन झालं. त्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. विद्यापीठांच्या समित्या वर्षातून मोजक्याच वेळा बसतात, तेव्हा तारीख आधी काढा आणि अर्ज त्या तारखेला धरून भरा. त्यानंतर पेणचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी आणि ग्रामपंचायत. अंगणवाडीच्या नोंदी पाहायच्या असतील तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं लेखी पत्र लागतंच. सेविकेने ओळखीखातर रजिस्टर दाखवलं तर उद्या तिचीच चौकशी होते.

इथे एक तपशील पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांकडून हमखास सुटतो. रायगड जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रात, नाही. पालघरमधल्या जव्हार-मोखाड्यात किंवा ठाण्याच्या शहापुरात जशी पेसा कायद्याने जादा अधिकार मिळालेली ग्रामसभा असते तशी इथे नाही. कातकरी वाडी ही मोठ्या ग्रामपंचायतीचा एक कोपरा असते आणि ग्रामसभेत तिचा आवाज थोडा. म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव मिळाला तरी वाडीची संमती मिळाली असं होत नाही. वाडीवर संध्याकाळी वेगळी बैठक घ्यावीच लागते. दिवसा घेतली तर बायका येऊ शकत नाहीत.

भट्टीवरचा प्रवेश हे आणखी अवघड प्रकरण. मालकाच्या परवानगीने गेलात तर मजूर तुम्हाला मालकाचा माणूस समजतात. सरकारी गाडीतून गेलात तर मालक तुम्हाला इन्स्पेक्टर समजतो आणि भुर्दंड मजुरांना पडतो. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे वाडीवर चार महिने ओळख झालेल्या कुटुंबाला भेटायला जाणं, आणि मालकाला ‘मुलांची वजनं घेतो’ एवढं खरं खरं सांगणं. मालकाने नाही म्हटलं तर भट्टीबाहेर, आठवडे बाजाराच्या दिवशी भेटता येतं. काही कुटुंबं सुटतीलच. कोणती सुटली आणि ती उरलेल्यांपेक्षा कशी वेगळी होती हे नोंदवलंत तर परीक्षक गळतीबद्दल फार बोलत नाहीत.

संमतिपत्रातले दोन खड्डे

पहिला अंगठ्याचा. ज्यांच्या जमिनी कधी ना कधी कागदावरच्या अंगठ्याने गेल्या, त्या माणसांसमोर छापील कागद आणि शाईचं पॅड ठेवलं की संभाषण संपतं. निःपक्ष साक्षीदारासमोर तोंडी संमती घेऊन तिचं ध्वनिमुद्रण करता येतं, पण ही पद्धत नीतिसमितीकडून आधीच मंजूर हवी. क्षेत्रात जाऊन पद्धत बदलली आणि नंतर कळवलं तर तो भंग ठरतो. साक्षीदार मुकादम, पोलीस पाटील किंवा अंगणवाडी सेविका नसावा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती पुरते. सात वर्षांवरच्या मुलांशी बोलणार असाल तर त्यांची स्वतःचीही मान्यता घ्यावी लागते, सात ते बारा वयात तोंडी आणि पुढे लेखी.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. नमुन्यादाखल मिळणाऱ्या संमतिपत्रात ‘आपण दिलेली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील’ असं छापलेलं असतं. हे वचन तुम्हाला देताच येत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. तुमच्या अभ्यासात सोळा-सतरा वर्षांची आई भेटली, आणि अशा आया भेटतात, तर काय करणार? उचलीपोटी डांबून ठेवलेलं कुटुंब दिसलं तर? वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६चा आहे आणि त्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर जबाबदारी आहे, पण तुमच्या एका तक्रारीने त्या कुटुंबाची पुढच्या वर्षाची मजुरी आणि राहती झोपडी दोन्ही जाऊ शकते. याला सोपं उत्तर नाही. मात्र काय कळवणार, कुणाला कळवणार आणि आधी कुणाशी बोलणार हे नीतिसमितीच्या अर्जात लिहून, मगच जायचं. मुलाखत देणाऱ्या आईचं वय अठराच्या वर असावं ही अट घालणारे अभ्यासक आहेत. ते सुरक्षित आहे, पण मग सगळ्यांत धोक्यातल्या आया आणि त्यांची बाळं अभ्यासाबाहेर राहतात. ही किंमत प्रबंधात उघड मांडावी.

कुपोषित मूल दिसल्यावर काय करणार हेही याच अर्जात यावं. नुसतं मोजून वहीत लिहून घरी येणं हे संशोधन नव्हे. त्याच दिवशी आशा किंवा सेविकेला कळवायचं, आणि ग्राम बालविकास केंद्र की पोषण पुनर्वसन केंद्र हे त्यांनी ठरवायचं. त्या मुलावर उपचार झाले की तुमच्या ‘नैसर्गिक’ आकडेवारीत फरक पडेल. पडू द्या, विश्लेषणात तशी नोंद करा.

मोजमाप

मानवशास्त्राचा विद्यार्थी इथे इतर शाखांपेक्षा पुढे असायला हवा, आणि नेमका इथेच हलगर्जीपणा दिसतो. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घ्यायची, वरच्याची उंची उभं करून. दोन्हींत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, झोपवल्यावर माप जास्त येतं. अडीच वर्षांचं मूल रडतंय म्हणून झोपवून मोजलंत तर ०.७ वजा करा आणि तशी नोंद ठेवा. दंडघेर डाव्या हाताचा, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून सूज पाहायची. सुजलेल्या मुलाचं वजन फसवं असतं.

वजनकाटा रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तपासा. तीन किलोमीटर चालत डोक्यावरून नेलेला काटा तसाच राहत नाही. मदतनीस असेल तर सुरुवातीला दोघांनी तीच दहा मुलं दोन-दोनदा, एकमेकांचे आकडे न पाहता मोजायची. फरक कुठे पडतो ते लगेच कळतं, आणि तो बहुधा लांबीत पडतो, कारण पाय सरळ धरणारा माणूस आईकडे बघत असतो.

सगळ्यांत मोठी चूक वयात होते. आधारवर किंवा शाळेत १ जून किंवा १ जानेवारी जन्मतारीख दिसली की थांबा. माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर उत्तम, नसेल तर घटनांचं कॅलेंडर करा: गणपती, होळी, लावणी, निवडणूक, त्या भागाला हादरवून गेलेली जुलै २०२३ची इर्शाळवाडीची दरड. मूल त्याच्या आधीचं की नंतरचं, भट्टीवर जन्मलं की वाडीवर, एवढं आईला पक्कं आठवतं. वयं विचारून लिहिली तर १२, २४, ३६ महिन्यांवर आकड्यांचा ढीग लागतो आणि परीक्षक तो तक्ता बघूनच ओळखतो. वयाची चूक उंची-वय या निर्देशांकाला झोंबते, वजन-उंचीला नाही. वयाबद्दल खात्री नसलेली मुलं टाकून देण्याऐवजी त्यांचा उपयोग फक्त दुसऱ्या निर्देशांकासाठी करा. निर्देशांक काढायला जागतिक आरोग्य संघटनेचं अँथ्रो हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यामागे २००६ची वाढीची मानकं आहेत.

बोलणं, लिहिणं, उतरवणं

कातकरी बोली मराठीच्या इतकी जवळ आहे की मराठी माणसाला आपल्याला सगळं कळतंय असं वाटतं. आपसातल्या वेगवान बोलण्यात बरंच निसटतं. दुभाषी हवा, आणि तो मुख्य गावातला नको. गावातल्या माणसासमोर उचल, दारू, उंदीर-खेकड्यांचं खाणं या विषयांवर सावध, शहाणी उत्तरं येतात. वाडीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी मिळाली तर काम वेगळ्याच पातळीवर जातं. तिला दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी पैसे देऊ नका आणि प्रबंधात तिचं श्रेय कसं द्यायचं ते तिलाच विचारा.

‘अंगणवाडीचा आहार का घेत नाही?’ असं थेट विचारलं की ‘घेतो ना’ हेच उत्तर मिळतं. आधी मुक्त यादी घ्या: गेल्या पावसाळ्यात मुलांनी काय काय खाल्लं ते सगळं सांगा. वीस-तीस आयांकडून याद्या घेतल्या की कोणता पदार्थ किती जणींनी आणि किती लवकर सांगितला यावरून क्रम लागतो. पाकिटातला आहार त्या यादीत कुठे येतो, येतो की नाही, यातून पुढची मुलाखत आपोआप सुरू होते.

दिवसाच्या टिपणांचा विस्तार त्याच रात्री करायचा. दुसऱ्या दिवशी वाक्यं आठवतात, आवाज आठवत नाही. मुलाखतींचा हिशेब मात्र कुणी करत नाही. एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास लागतात. तासाभराच्या ४० मुलाखती म्हणजे २०० ते २४० तास, आणि प्रबंध इंग्रजीत असेल तर भाषांतर वेगळं. एवढ्या मुलाखती घेऊन निम्म्या न उतरवता ठेवण्यापेक्षा २५ घ्या आणि पूर्ण उतरवा. स्वयंचलित लिप्यंतराची साधनं कातकरी बोलीपुढे हात टेकतात. शिवाय आवाज कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर जातो, आणि ते संमतिपत्रात सांगितलेलं नसतं. कोडिंगसाठी, म्हणजे मुलाखतींतल्या मजकुराला विषयवार खुणा लावण्यासाठी, टॅगेट किंवा क्वालकोडर ही मोफत साधनं पुरतात. महागडं सॉफ्टवेअर असल्याशिवाय विश्लेषण होत नाही, हा समज विक्रेत्यांना सोयीचा आहे.

शिफारशींचं प्रकरण

दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते. तिथे मात्र बहुतेकांचा वेळ परिकल्पना सिद्ध झाली का यावर जातो आणि शिफारशी शेवटच्या आठवड्यात लिहिल्या जातात. मग त्या अशा येतात: जनजागृती करावी, समन्वय वाढवावा, योजनांची प्रभावी अंमलबजावणी व्हावी. हे लिहायला वाडीवर जायची गरज नव्हती. शिफारशीत चार गोष्टी हव्यात: कोणतं पद, कोणत्या नोंदवहीत किंवा ॲपमध्ये, कोणत्या महिन्यात, कोणत्या खर्चाच्या शीर्षातून. ‘ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सेविकेने निघणाऱ्या कुटुंबांची भट्टीच्या तालुक्यासह यादी करून प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यावी, आणि त्यांनी ती दिवाळीआधी त्या तालुक्याकडे पाठवावी’ ही शिफारस चूक असू शकेल, पण ती तपासता येते.

शिवाय अधिकारी प्रबंध वाचत नाहीत, दोन पानं वाचतात. ती मराठीत, वेगळी लिहा आणि जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्याचं काम हिवाळ्यात रंगात येण्याआधी द्या. मार्चमध्ये दिलेलं टिपण पुढच्या वर्षापर्यंत फायलीत बसतं.

सादर करताना

प्रबंध इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या सगळ्यांना खुल्या असलेल्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर जातो, म्हणजे तो भट्टीमालकही वाचू शकतो. वाडीचं नाव बदलून भागत नाही. ‘वाडीतली एकमेव पदवीधर मुलगी’ एवढ्या वर्णनावरून अख्खा तालुका तिला ओळखतो. नकाशे, छायाचित्रं आणि परिशिष्टातली कुटुंबांची यादी शेवटी एकदा या नजरेने तपासा. परिशिष्टात मूळ नावं राहून जाण्याचे प्रकार घडतात.

वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो, ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. मानवशास्त्राच्या प्रबंधात साम्य सर्वांत जास्त निघतं ते ‘जमातीची ओळख’ या प्रकरणात, कारण सगळेजण तीच जुनी गॅझेटियरं उतरवतात. सोन कातकरी, ढोर कातकरी, काताचा व्यवसाय हे तीन पानांत आटपा आणि पुढे तुमचं पाहिलेलं लिहा. शोधनिबंध छापण्याची केंद्रीय सक्ती २०२२मध्ये गेली. विद्यापीठाची स्वतःची अट मात्र असू शकते, तेव्हा ती आधीच पाहून ठेवा. घाईत पैसे भरून कुठल्याही नियतकालिकात छापू नका. तो निबंध पुढे प्रत्येक मुलाखतीत तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

गाइडशिवाय किमान दोन बाह्य परीक्षक असतात, शक्य असेल तिथे त्यांतला एक परदेशातला. सादर केल्यापासून तोंडी परीक्षेच्या निकालापर्यंत सहा महिने हे नियमातलं उद्दिष्ट आहे. परीक्षकांची नावं सुचवणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं, पण तयारी दोघा प्रकारच्यांची करावी. जैविक बाजूचा परीक्षक मापनातली त्रुटी, गळती आणि वयाची खातरजमा यांवर विचारतो. सांस्कृतिक बाजूचा विचारतो की भट्टीवर मालकासमोर मिळालेली उत्तरं आणि वाडीवर मिळालेली उत्तरं यांत फरक होता का, आणि तुम्ही कोणती खरी मानलीत. दुसऱ्या प्रश्नाला ‘दोन्ही’ एवढंच म्हणून सुटका होत नाही. एकाच आईची दोन्ही ठिकाणची उत्तरं शेजारी-शेजारी ठेवलेला एक तक्ता प्रबंधात असेल तर तो उघडून दाखवा.